दादा दोनदा, मी एकदाही नाही

मी एक जुना शब्दकोश आहे. नीट सांगायचं तर अर्धा शब्दकोश. इंग्रजी शब्दांचे त्या काळचे अर्थ सांगणारे दोन जाडजूड खंड निघाले, त्यांतला मी दुसरा. पहिल्या खंडात ए ते के, माझ्यात एल ते झेड. त्यामुळे मित्रांनो, माझी गोष्टही एलपासूनच सुरू होणार. त्याआधीचं काही हवं असेल तर दादाला विचारा. दादा म्हणजे पहिला खंड.

लेदर. म्हणजे कातडं.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारा कारागीर एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ लावायचा आणि ओळ चुकली की स्वतःवरच चरफडायचा. छापलेले कागद दोरीवर वाळले, त्यांच्या घड्या झाल्या, मग ते सुईदोऱ्याने शिवले गेले. शेवटी बांधणी करणाऱ्याने एकाच कातड्यातून दोन अंगरखे कापले, एक दादाला, एक मला. म्हणून आम्ही दिसायला अगदी सारखे. खंडाचा आकडा फक्त पाठीवर, सोनेरी. आत पहिल्या पानावर तो घालायला छापखाना विसरला.

हे ध्यानात ठेवा. पुढे यावरूनच सगळं रामायण घडलं.

नाइस. आज तुम्ही हा शब्द 'छान' म्हणून वापरता. माझ्यात पाहाल तर अर्थ निघेल: काटेकोर, बारीकशी चूकही खपवून न घेणारा.

मी स्वतः त्या अर्थाने नाइस होतो आणि त्याचा मला अभिमान होता. वाचनालयाच्या मधल्या दालनात, खिडकीजवळ, आम्हा दोघांसाठी तिरकं मेज होतं. मला उचलायला दोन्ही हात लागायचे. माणसं वाद घालत यायची आणि माझं पान उघडून गप्प व्हायची. एक म्हातारे शिक्षक रोज यायचे. शब्द सापडला की चष्मा काढून पानावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता बोला!" समोर कोणीच नसायचं, तरी म्हणायचे.

मग नवे शब्दकोश आले. आमचं मेज त्यांना मिळालं. आम्ही वरच्या फळीवर गेलो, तिथून मागच्या खोलीत आणि तिथून तळघरात. रागावून कोणीच काही केलं नाही. जरा सरका, जरा सरका, एवढंच.

ऑफिशस. या शब्दाकडे आत्ता बघू नका. पुढे लागणार आहे.

स्कॅन. माझ्यात याचा अर्थ दिला आहे: बारकाईने तपासणं. वाचनालयातल्या यंत्राच्या खोलीत मात्र याचा अर्थ होता फोटो काढणं.

एके दिवशी आम्हा दोघांना ढकलगाडीवर चढवून त्या खोलीत नेलं. जुनी पुस्तकं डिजिटल करायची, म्हणजे पानांचे फोटो काढून संगणकात ठेवायचे, असं ठरलं होतं. यंत्र चालवणाऱ्याला सगळे छोटू म्हणायचे. डोक्यावरचे केस मागे सरकले होते, तरी छोटूच. पानं पटापट उलटावीत म्हणून तो बोटावर गुलाबी रबरी टोपी चढवायचा. तिच्यावर शाईचा एक निळा डाग होता.

तिथली पद्धत अशी. प्रत्येक पुस्तकासोबत नावाची चिठ्ठी यायची. छोटूने चिठ्ठीवरचं नाव यंत्रात भरायचं, चिठ्ठी डब्यात टाकायची आणि फोटो काढत सुटायचं. वाचायचं नाही. वाचत बसलं की काम तुंबतं, असं वरून सांगितलेलं.

दादाचे फोटो काढून झाले. पण दिवा मध्येच मिणमिणला होता, पानं अंधारी आली. छोटूने दादाला पुन्हा घेतलं. दादाची चिठ्ठी तर डब्यात गेलेली. समोर एकच चिठ्ठी उरली होती, माझी. छोटूने सवयीने तीच उचलली, माझं नाव भरलं आणि दादाचे फोटो काढले.

मी ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात होतो. अरे, तो मी नाही, असं ओरडावंसं वाटत होतं. पण आम्हा पुस्तकांना कोणी उघडल्याशिवाय माणसांशी बोलता येत नाही. चिठ्ठ्या संपल्या, म्हणजे पुस्तकं संपली. मला न उघडताच परत तळघरात पोचवलं.

संगणकात पहिला खंड म्हणून अंधारा दादा आणि दुसरा खंड म्हणून लख्ख दादा. पाठीचा फोटो कोणी काढत नाही. देशोदेशीच्या वाचनालयांनी ती प्रत आपापल्या संगणकात उतरवून घेतली. दादा दोनदा जगभर गेला. मी एकदाही नाही.

ट्रान्सलेटर. म्हणजे भाषांतर करणारी. छोटूची थोरली बहीण. छोटू तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणतो.

तिची गोष्ट मला नंतर कळली. माझी पानं उलटताना ही भावंडं अखंड बोलत असतात, त्यातून.

ताई एका जुन्या घड्याळजीच्या इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करत होती. पुस्तक माझ्याच वयाचं. अर्पणपत्रिकेत घड्याळजीने आपल्या गुरूला दोन विशेषणं लावली होती, ऑफिशस आणि नाइस. आजच्या अर्थाने ताईने लिहिलं, "माझ्या लुडबुड्या आणि छान गुरुजींना." लिहिलं आणि तिचं तिलाच हसू फुटलं. मग हसू गेलं. ज्या गुरूने हाताला धरून शिकवलं, त्याला कोणी लुडबुड्या म्हणेल? त्या काळचा अर्थ काही वेगळाच असणार. असे शब्द पुस्तकात ठिकठिकाणी पेरलेले. चुकीचा अर्थ छापला तर मेलेला माणूस उठून सांगायला येणार नाही. ताईने ठरवलं, त्या काळचा शब्दकोश पाहिल्याशिवाय पुस्तक हातावेगळं करायचं नाही.

तिने वाचनालयात बसून आपल्या लॅपटॉपवर माझं नाव शोधलं. लगेच सापडलं. उघडलं तर आत दादा.

"छोटू, हे काय रे? दुसरा खंड उघडला की पहिलाच निघतोय."

"तू भलतंच काहीतरी दाबलं असशील."

"पुन्हा दाबलं. पुन्हा तेच."

"मग तुझं नशीब."

ताई नशिबावर सोडणाऱ्यांतली नव्हे. तिने दुसऱ्या देशातल्या वाचनालयाची प्रत उघडली. तिथेही सुरुवात एपासून. एका विद्यापीठाची उघडली. तिथेही तेच. तिने सगळीकडे पत्रं धाडली: तुमच्याकडे छापील दुसरा खंड आहे का? उत्तरं आली, सगळी गोड शब्दांत आणि सगळी सारखी. छापील प्रत होती, पण ती आता डिजिटल रूपात मिळते, म्हणून काढून टाकली.

म्हणजे माझं नाव सगळीकडे होतं, म्हणूनच मी कुठे नव्हतो. हरवलेल्या वस्तूचा शोध तरी होतो. माझं नाव जागच्या जागी होतं, मग मला शोधणार कोण?

ताई हटली नाही. ती त्या प्रती पान न् पान पाहायला लागली. आणि बी अक्षराच्या एका पानाच्या कोपऱ्यात तिला काहीतरी गुलाबी दिसलं. दुसऱ्या देशाच्या प्रतीत पाहिलं. तिथेही गुलाबी, त्याच पानावर. तिसऱ्या प्रतीतही.

ती लॅपटॉप उचलून थेट यंत्राच्या खोलीत गेली.

"ही टोपी ओळखतोस?"

छोटूने डोळे बारीक केले. "अशा टोप्या ढिगाने मिळतात बाजारात."

"निळ्या डागासकट?"

छोटूने आपल्या बोटाकडे पाहिलं आणि हात हळूच मेजाखाली नेला.

"म्हणजे... माझं बोट सगळीकडे गेलंय?"

"जगभर नाव काढलंस, बाबा. आईला कळवायला हवं."

"ताई, चेष्टा पुरे."

"पुरे. खरा दुसरा खंड कुठाय?"

छोटूचा चेहरा उतरला. त्याला एकदम काहीतरी आठवलं होतं.

एक्स. या अक्षराने सुरू होणारे शब्द माझ्याकडे जवळजवळ नाहीतच. पण त्याची खूण माझ्या पाठीवर आहे, लाल खडूने काढलेली.

त्याच आठवड्यात तळघर रिकामं करायचा हुकूम निघाला होता. जे डिजिटल झालं, ते रद्दीत. दादाच्या पाठीवर फुली, माझ्या पाठीवर फुली. आम्हाला एकाच पोत्यात कोंबलं. मागच्या अंगणात पोती रचली होती आणि कागदाचा लगदा करणाऱ्या कारखान्याची गाडी फाटकातून आत येत होती.

दादा म्हणाला, "मी तरी संगणकात आहे. तुझं काय रे?"

दादाने असं विचारावं, याचं फार वाईट वाटलं. पण त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याच्या आवाजात भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती.

"दादा," मी म्हणालो, "आपलं पोतं उचलेपर्यंत मी संपलेलो नाही."

लायब्ररी. हो, क्रम मोडला. एक्सनंतर एल येत नाही. पण आयुष्य वर्णक्रमाने घडत नाही, त्याला मी काय करू?

ताई धावत अंगणात आली आणि पोत्यांच्या ढिगावर चक्क बसली. मागून छोटू. मोठे साहेब, म्हणजे वाचनालयाचे मुख्य ग्रंथपाल, गाडीपाशी उभे होते.

"बाई, उठा. लागेल तुम्हाला."

"दुसरा खंड मिळाल्याशिवाय नाही."

"तुमची तळमळ कळते मला. पण दोन्ही खंड आपण कधीच डिजिटल केलेत. उगाच जागा अडवून काय उपयोग?"

"मग एक शब्द काढून दाखवा."

"कुठलाही काढतो. बोला."

"ज्याचे तुम्ही साहेब आहात, तोच. लायब्ररी."

साहेब हसले. हातातल्या टॅबवर माझं नाव उघडलं. पानं सरकवली. पुन्हा सरकवली. अगदी शेवटच्या पानापर्यंत गेले, तर तिथे के. मग त्यांनी पडद्यावर बोट दोनचारदा जोरात आपटलं.

"पुढचं पान उघडत नाहीये."

"पुढचं पान या पोत्यांत आहे," ताई म्हणाली.

गाडीवाला कंटाळला होता. "साहेब, टाकू का माल?"

"थांब जरा."

"साहेब, चूक माझी आहे," छोटू म्हणाला. त्याने रबरी टोपी खिशातून काढून तळहातावर धरली होती, जणू तीच गुन्हेगार. "मी पहिलाच खंड दोनदा घेतला. उघडून पाहिलं नाही."

साहेबही उघडून न पाहताच फुल्या मारत आले होते. त्यांनी स्वतः आमचं पोतं शोधून त्याची गाठ सोडली, आम्हाला बाहेर काढलं, माझी पाठ रुमालाने पुसली. कित्येक वर्षांनी मला कोणी उघडत होतं. शिवण करकरली. साहेबांनी उभ्या उभ्याच शब्द काढला आणि मोठ्याने वाचला.

"लायब्ररी. पुस्तकांचा मोठा संग्रह."

मग ते पोत्यांकडे पाहत राहिले.

"गाडी रिकामी जाऊ दे," ते म्हणाले. "ही सगळी पोती आत घ्या. एकेक उघडून पाहू."

झेड. इथे मी संपतो. गोष्टही आता थोडीच उरली आहे.

आता यंत्राच्या खोलीत चिठ्ठीवरचं नाव भरण्याआधी छोटू पुस्तकाचं पहिलं पान उघडतो आणि शेवटचंही. काम थोडं तुंबतं. तुंबू दे, असं आता वरूनच सांगितलं आहे. माझे फोटो काढताना ताई शेजारी बसली होती. ओचं पान आलं तशी ती ओरडली, "थांब, थांब!" तिथे लिहिलं होतं, ऑफिशस: दयाळू, दुसऱ्याच्या मदतीला धावून जाणारा. तिने वहीतली ती ओळ खोडली आणि लिहिलं, "मदतीला धावून येणाऱ्या माझ्या काटेकोर गुरुजींना." मग कितीतरी वेळ ती त्या ओळीकडे बघत होती.

शेवटचा फोटो झाल्यावर साहेब दारात येऊन म्हणाले, "झालं ना डिजिटल? मग आता हे दोन खंड..."

"इथेच राहतील," छोटू म्हणाला. साहेबांचं वाक्य तोडायची त्याची ही पहिलीच वेळ. "उद्या पुन्हा कोणी चुकलं, तर ताडून कशाशी पाहायचं?"

साहेबांनी मला उचलून दादाशेजारी ठेवलं. मग म्हणाले, "खिडकीजवळचं मेज मोकळं आहे का बघ."

दादा आणि मी आता तिथे आहोत. पाठीवरची लाल फुली पुरती गेली नाही, जाणारही नाही. मित्रांनो, तुम्ही आम्हाला संगणकात शोधा, जरूर शोधा. त्या पडद्यातून मी आता एकाच वेळी किती घरांत उघडतो! पण नाव दिसलं म्हणजे वस्तू मिळाली, असं मानू नका. उघडा. शेवटच्या पानापर्यंत जा. आणि जुनी वस्तू टाकायची झाली, तर टाकण्याआधी एकदा तिला बोलू द्या.

माझ्या नव्या प्रतीत डब्ल्यूच्या एका पानाच्या कोपऱ्यात तुम्हाला काहीतरी गुलाबी दिसेल. छोटू लाजून तो फोटो पुन्हा काढणार होता. ताईने त्याचा हात धरला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "हे पान कोणीतरी खरंच उलटलं होतं, एवढं तरी कळेल."