दोन हातांची गाठ

मी एक जुनी पितळी चांदणी आहे. जबलपुरात गढा भागातल्या एका घरी बिस्किटांच्या डब्यात, कापसात गुंडाळून मला ठेवतात. मित्रांनो, नीट पाहिलेत तर माझी चार टोके अणकुचीदार आहेत आणि पाचवे बोथट. त्याला कुणी व्यंग म्हटले की मला राग येतो.

जन्माने मी डब्याचे झाकण. गुणवंत साळवे तोफांचे गाडे बनवणाऱ्या कारखान्यात फिटर होते. घरातल्या पितळी डब्याचे झाकण चिरले, तेव्हा त्यांनी ते मोडीत घातले नाही. सुट्टीच्या दिवशी ओसरीत बसून कापले, घासले आणि मला घडवले. त्यांचा पाच वर्षांचा रत्नाकर शेजारीच घुटमळत होता. बापाची नजर चुकवून त्याने कानस उचलली आणि माझे एक टोक पार झिजवून टाकले. गुणवंत रागावले नाहीत. "चलो, आता ही तुझीच झाली," एवढेच म्हणाले.

साळव्यांच्या घरी एक रीत होती. पाच वर्षांचे झाले की मुलाला नाताळच्या झाडासाठी स्वतःचा दागिना मिळायचा. येशूच्या येण्याची वाट पाहण्याचे नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमन. त्यातल्या पहिल्या रविवारी, ख्रिस्ती देवळातली उपासना आटोपली की तुपाच्या डब्यात नर्मदेची वाळू भरून त्यात सुरूची फांदी रोवत. मग ज्याने त्याने आपला दागिना आपल्या हाताने बांधायचा. दुसऱ्याच्या दागिन्याला हात लावायचा नाही. मात्र जे माणूस देवाघरी गेले, त्याचा दागिना घरच्यांनी बांधायचा. म्हणून आजीची काचेची घंटी गुणवंत बांधत. आम्हांला अडकवायला तारेचे आकडे नव्हते, बांधायला दोरे होते. गाठ मारताना माणूस क्षणभर थांबतो आणि त्या थांबण्यात प्रार्थना होते, असे गुणवंतांची बायको हेमलता म्हणे.

पंधरा वर्षे मी मजेत होते. रत्नाकर मला चिंचेने घासून लखलखीत करायचा. पाहुणे माझी तारीफ करायचे, आणि खोटे कशाला बोलू, मी जरा शेफारलेच होते. धाकट्या शरयूची कापडी मेंढी माझ्याखाली लोंबायची. तिला मी फारशी किंमत देत नसे.

मग लढाई आली. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजू लागला. रत्नाकर फौजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या तुकडीत भरती झाला आणि आसामकडे गेला. पहिले काही महिने पत्रे आली. पुढे ती थांबली. १९४३चे आगमन उजाडले, तेव्हा आठ महिन्यांत एक ओळही आली नव्हती.

त्या रविवारी हेमलताने सगळे दागिने काढले. माझी पुडी तिने उघडली नाही. ती चहा टाकायला आत गेली आणि अकरा वर्षांच्या शरयूने मला हळूच बाहेर काढले. पोरीचा हेतू चांगला होता. दादाशिवाय झाड तिला भकास वाटत होते. तिने मला शेंड्यावर बांधले, नेमके आजीच्या घंटीशेजारी.

हेमलता बाहेर आली. तिच्या हातातली कपबशी खळकन फुटली.

"काहून बांधली तू? जित्या माणसाला मेला केलं तू!"

"नाही आई! मी तर दादाची वाट पाहून राहिली!"

हेमलताने मला ओरबाडून काढले. मुठीत घट्ट आवळले. मित्रांनो, मी पितळेची, पण त्या मुठीत मलाही भीती वाटली. झाडावर राहिले असते तर रत्नाकर मेला, असे ठरले असते. पुडीत परतले असते तर तो विसरला गेला असता. माझी जागा कोणती, हेच कुणाला कळत नव्हते.

गुणवंत फुटलेले तुकडे गोळा करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "हेमा, हे चार रविवार आपण काहून पाळतो? जो अजून आला नाही, त्याच्यासाठीच न? मग येणाऱ्यासाठी आधी काय उघडं ठेवतात?"

हेमलताने फळीवरचा हातोडा उचलला. मग तिने बाहेरच्या दाराच्या चौकटीत खिळा ठोकला आणि मला तिथे अडकवले. शरयूला जवळ ओढून म्हणाली, "ही इथंच राहीन. झाडावर त्याची तोच बांधीन."

नाताळ झाला, झाड निघाले, मी मात्र दारावरच. ऊन खाल्ले, पावसात भिजले, काळीठिक्कर पडले. हेमलता मला पुसत नसे. पण येता-जाता माझ्या बोथट टोकाला बोट लावी. इतकी कुरूप मी कधी नव्हते, आणि इतकी आपली म्हणून मला कुणी कधी मानले नव्हते.

दोन वर्षे गेली. १९४५च्या आगमनाच्या तिसऱ्या रविवारी, भर दुपारी, एक वाळलेला माणूस दारात थबकला. त्याने माझे बोथट टोक चाचपले.

"आई," तो म्हणाला, "हिला कोणी घासलं नाही का?"

घरात जे रडू फुटले, ते मी सांगत नाही. तो शत्रूच्या कैदेत होता, नंतर इस्पितळात. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापासून रिकामी होती.

शरयूने मला चिंचेने घासले आणि त्याच्यापुढे धरले. तो मागे सरला.

"गाठ मारता येत नाही आता. तुम्हीच बांधून टाका. अर्धा तर मी तिकडंच गेलो."

"मी आकडा बसवून देतो, बेटा," गुणवंत घाईघाईने म्हणाले.

"आकडा नको," हेमलता म्हणाली. तिने दोऱ्याचे एक टोक रत्नाकरच्या डाव्या हातात दिले, दुसरे स्वतःच्या उजव्या हातात धरले. "अच्छा, तू घाल वेढा. मी ओढते."

गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. रत्नाकरने ओठ घट्ट मिटले होते, पण तो आता मागे सरला नाही. तेव्हा मला हेमलताचे म्हणणे समजले. त्या गाठीत खरेच प्रार्थना होती.

त्या वर्षापासून घरची रीत बदलली. आता कुणीच आपला दागिना एकटा बांधत नाही. रत्नाकर गेला, शरयूही गेली. इथल्या हिंदीत वाढलेली तिची नातवंडे मराठीत अडखळतात, पण गाठ बरोबर मारतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी काळवंडलेली, बोथट वस्तू डब्यात पडली असेल. तिला टाकू नका. तिला घासा, आणि तिचा दोरा एकट्याने बांधू नका. दुसरे टोक कुणाच्या तरी हातात द्या. ते माणूस अजून आले नसेल, तर तोवर दारावर एक खिळा असू द्या.