शिवकन्येचा उंचवटा

शिवकन्येच्या आलेखात उंचवटा दिसला, हे उत्तराला कळलं तेव्हा ती सुटीवर परभणीला घरी आली होती. गटप्रमुखांच्या पत्रात खाली आणखी एक ओळ होती: तो खरा की खोटा, हे तू तपास.

दोघी परभणीत एकाच कॉलेजात शिकलेल्या, आता परदेशातल्या एकाच प्रयोगात. तिथं प्रोटॉनांचा झोत लक्ष्यावर आदळवायचा आणि उडालेल्या कणांत चार क्वार्कांचा, म्हणजे चार मूलघटकांचा, दुर्मीळ कण शोधायचा. नेहमीच्या कणांत दोन किंवा तीनच असतात. असा कण असेल, तर आलेखात उंचवटा दिसतो. उत्तरा पाच वर्षं डोळे फोडत होती. राणीसावरगावची शिवकन्या दोन वर्षांमागं आली, आणि दिसला तो तिला!

"हिला प्रॅक्टिकल मी शिकवलं," उत्तरा मनाशी म्हणाली आणि त्या उंचवट्याच्या मुळावरच उठली. तिनं टकरी निवडण्याचे निकष कडक केले. तो हलला नाही. एकच टक्कर दोनदा मोजली असेल म्हणावं, तर तसंही नव्हतं. शेवटी शिवकन्येनं न वापरलेल्या, गेल्या वर्षीच्या नोंदी काढल्या. तिथंही त्याच जागी उंचवटा ठसठशीत उभा.

उत्तरानं 'खरा आहे' असा अहवाल लिहिला, पण पाठवला नाही. "इथं वीज नसते, वेळ लागेल," असं गटप्रमुखांना कळवून टाकलं. वीज होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवकन्येचा फोन आला.

"खोटा निघाला का गं? सांग ना. मी घरी कुणालाच सांगितलं न्हाई. जेवण जाईना मला."

'अजून बघतेय' म्हटलं असतं तर आठवडा सहज निघाला असता. उत्तराच्या ओठांवर तेच आलं होतं.

"खरा आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षीच्या नोंदींतही आहे. मला परवाच कळलं."

"परवा?"

"हो. बघवलं नाही मला."

"लय वाईट वागलीस," शिवकन्या म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

उत्तरानं अहवाल पाठवून दिला. तिचे वडील अण्णासाहेब शेजारच्या खोलीतून ऐकत होते. ते दारात आले.

"कण सापडला म्हणे! तुझं नाव येईल ना?"

"येईल. चारशे जणांत."

"मग शोधला कुणी?"

सगळ्यांनी मिळून, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"शिवकन्येनं," उत्तरा म्हणाली, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर उमटणारं शिवकन्येचं कौतुक बघायला नको म्हणून स्वयंपाकघरात निघून गेली.