ओंजळकाकांची जीभ

कागदाची गिरणी खाडीच्या तोंडाशी होती आणि कागदाला लागतं गोडं पाणी. म्हणजे सगळा संसार भरतीच्या मर्जीवर. समुद्र खाडीत शिरला की पाण्याची झडप बंद करायची. गिरणीच्या पहिल्या वर्षी ती कुणी बंद केली नाही आणि अर्धी यंत्रं गंजली. तेव्हापासून झडपेवर एक माणूस असे. त्याने ओंजळभर पाणी चाखायचं आणि ठरवायचं. मध्यंतरी खारेपणा मोजायचं मीटरही आणलं होतं. ते दोन वर्षांत गंजलं. ओंजळकाका तीस वर्षं टिकले.

गेल्या महिन्यात काकांना ताप आला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. काका कुणाला बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची! भरतीचं वेळापत्रक बघून ते झडप फिरवत आणि ओंजळ नुसती दाखवण्यापुरती तोंडाला लावत. झडपेवरून उठवलं तर आपण कोण उरतो?

पण वारा काही वेळापत्रक वाचत नाही. काल समुद्राकडून सुटला आणि भरती दीड तास आधी चढली. काकांनी ओंजळ तोंडाला लावली आणि "गोडं आहे," म्हणाले.

आज सकाळी काकू भर कामातून उठून झडपेपाशी आल्या, हातात एक कागद घेऊन. त्या गिरणीतच कागद निवडायच्या खोलीत होत्या. कागदाचा कोपरा जिभेला लावायची त्यांची जुनी सवय. ओल लगेच आरपार गेली, तर त्यावर शाई फुटणार हे नक्की.

"अहो, कालचा कागद ओल धरतोय. आणि खारट लागतोय."

काकांनी कागद हातात घेऊन उजेडात धरला.

"परवा भाजीत माझ्याकडून दोनदा मीठ पडलं," काकू हळूच म्हणाल्या. "पोरांनी ताटं सरकवली. तुम्ही मात्र परत वाढून घेतलीत. मला वाटलं, माझं मन राखताय."

"चव गेलीय गं. महिना झाला."

"गठ्ठे बाजूला ठेवलेत मी. वह्यांसाठी जायचे होते. आता सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

कुठल्यातरी पोराचं नाव पहिल्याच पानावर फुटलेलं काकांना दिसलं. ते उठले आणि तडक मॅनेजरकडे गेले.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. "कागद परत लगद्यात टाकू. पण काका, चव नसलेला माणूस मला झडपेवर चालणार नाही."

"नकोच. आमच्या हिला घ्या. तिची जीभ किती तिखट आहे, ते तीस वर्षं मी सोसलंय."

मॅनेजर हसला. झडपेचं जड चाक फिरवायला मात्र त्याने काकांनाच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ओंजळ भरली, चाखली, थुंकली. "करा बंद." काकांनी चाक फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या शब्दावर. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

दुपारी दोघांनी तिथेच डबा उघडला. "मीठ बरोबर आहे ना?" काकूंनी सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

काकांनी आपल्या हातातला घास त्यांच्यापुढे धरला. "तूच सांग."

काकूंनी तो खाल्ला. "बरोबर आहे."

"मग झकास झालीय भाजी," म्हणून काका जेवायला लागले.