बाबांची शिंक

निकाल सकाळीच लागला. प्रवेश परीक्षेत मी दुसऱ्यांदा आपटले. दिवसभर घरात कोणी त्यावर चकार शब्द काढला नाही. तसे माझ्या अभ्यासापायी आमच्याकडे सगळे दोन वर्षं कुजबुजतच होते, त्यामुळे फारसा फरक जाणवला नाही.

संध्याकाळी आई आवाज बंद करून मालिका बघत बसली. टीव्हीवर नुसती तोंडं हलत होती. बाबा कामावरून आले, तेही चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता. मला त्या चपलांचाच राग आला.

"आता हे कोणासाठी?" मी म्हटलं. "मी परत परीक्षा देणार नाहीये. बोला की मोठ्यानं."

आईनं रिमोट उचलून आवाज थोडा वाढवला, माझ्याकडे पाहिलं आणि परत कमी केला.

तेवढ्यात बाबांना शिंक आली. पूर्वी त्यांच्या शिंकेनं खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ दचकून उठायचं आणि आई त्यांच्यावर डाफरायची. आता त्यांनी सवयीनं सोफ्यावरची उशी ओढली आणि तोंडावर धरली. मी ती हिसकावून घेतली.

"बाबा, द्या ना एकदाची मोकळी शिंक."

ते डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून थांबले. आईही टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी मांजर शिंकावं तसा बारीकसा आवाज आला.

"जाऊ दे," बाबा नाक पुसत हळूच म्हणाले, "आता तशी येतच नाही गं."