फ्रिजवरचा रुमाल

यतीन म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. पुण्याहून इथल्या एका डिझाइन कॉलेजात शिकवायला आला आणि अन्नपूर्णा भागातल्या आमच्याच घरी राहिला. आल्या आल्या त्यानं फ्रिजवरचा मी विणलेला क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलला. "काय गं मावशी, इतकी टुकार चॉइस?" असं म्हणून त्याच रुमालानं स्कूटर पुसायला लागला. मी म्हटलं, छोडो, पढा-लिखा आदमी है.

काल यतीनसाहेब जपानी चित्रकथांचं जाडजूड पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आले. आई, बाबा, आजी, दोन पोरं आणि जेवणाचं टेबल. पानोपानी एवढंच.

"हे बघ, फ्रिजवर विणलेला रुमाल, त्यावर लाकडी अस्वल! साध्या माणसांची अभिरुची किती निरागस असते!" बोलताना तो त्या चित्रावरून हळुवार बोट फिरवत होता. माझं लक्ष कढईत करपणाऱ्या कांद्याकडे होतं.

"आपल्याकडे कुठं राहिलंय असलं काही!" यतीन भियानं मोठा सुस्कारा टाकला. "उद्या यावरच लेक्चर आहे माझं. मुलांना दाखवायला एखादी अस्सल वस्तू मिळाली असती तर!"

मी गॅस बंद केला. बाहेर जाऊन त्याच्या स्कूटरला अडकवलेला रुमाल काढून आणला. तो ऑइलनं काळा, चिकट झाला होता. तसाच त्याच्या उघड्या पुस्तकावर ठेवला.

"घे. जपानहून आणलाय म्हणून सांग, म्हणजे कोणी त्यानं स्कूटर पुसणार नाही."