पंचाच्या डोक्यातली गाठ

मित्रांनो, मी एक एकाहत्तर वर्षांची गाठ आहे. हंबीरराव आईच्या पोटात घडत होते, तेव्हा कातडीचे चार कण वाट चुकून मेंदूपाशी अडकले. त्यांची मी झाले. सुपारीएवढी व्हायला मला इतकी वर्षं लागली. त्यांनी कुस्त्या मारल्या, फौजेत नोकरी केली, मग कुंडलजवळच्या आमच्या गावात कुस्तीच्या मैदानाचे पंच झाले. मी कधी साधी डोकेदुखीही दिली नाही. माझं कौतुक मात्र कुणी केलं नाही, कारण मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या श्रावणात ते मोटारसायकलवरून घसरले. सांगलीत डोक्याचे फोटो काढले, तेव्हा मी सापडले. डॉक्टर ऋचा म्हणाल्या, "जन्मापासूनची आहे, काका. त्रास नाही, तर छेडायची नाही. वर्षातून एकदा तपासू."

चूक पुढे झाली. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला गाव येतं आणि घरची माणसं असले फोटो हातोहात फिरवतात. हंबीररावांच्या पत्नी शालूबाईंनी चहाबरोबर मला सगळ्यांना दाखवलं. दुसरे पंच सयाजी यांनी फोटो उलटा धरून पाहिला आणि आठवड्यात गावभर केलं, "हंबीरच्या डोक्यात गाठ हाय. त्याचा निकाल कसा धरायचा?" पंचांच्या यादीतून नाव खोडायला बैठकही बोलावली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा दुखवावंसं वाटलं. पण सयाजींना.

हंबीररावांनी बैठकीत डॉक्टरांचा कागद पुढे केला. "वाच रं."

"जन्मजात गाठ," सयाजींनी वाचलं.

"म्हंजे माझे पयल्यापासनंचे समदे निकाल गाठीवाल्याचेच. खोडायचे तर समदे खोडा. तुझ्या पोराला, शिवतेजला मी इजयी ठरवलं, त्यो निकाल बी. गदा परत आण, गड्या."

"आरं, जुनं कशाला उकरतोस?"

"गाठ तरी कुठं नवी हाय?"

बैठक हसली. नाव राहिलं. पण हंबीररावांचं तेवढ्यावर भागलं नाही. मैदानाच्या दिवशी सयाजींनी माइकवरून सांगायचं, ही त्यांची अट. "हंबीररावांचं डोकं ठिकाणावर हाय," हे सयाजींना तीनदा म्हणावं लागलं, कारण दोनदा हंबीरराव म्हणाले, "ऐकू आलं न्हाई." त्यांच्या कानांना मी काही केलेलं नाही, हे शपथेवर सांगते.

शालूबाई म्हणतात, "आवं, आता मिटवा." मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुणाच्या डोक्याचा फोटो हातात आला, तर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते आधी वाचा. आम्ही गाठी सत्तर वर्षं गप्प बसतो, विसरत नाही.