काठावरून पडणारं जहाज

नणंद-भावजय म्हटलं की लोक आधी भांडणाचीच वाट पाहतात. या घरातल्या दोघींनी मात्र समोरच्या खोलीत मिळून मुलांच्या पुस्तकांचं काम थाटलं होतं. ताई मजकूर लिहायची, वहिनी चित्रं काढायची, आणि दोघींचं गूळपीठ असं जमलं होतं की वहिनीचा नवरा, म्हणजे ताईचा दादा, स्वतःला घरातला पाहुणा म्हणायचा.

या वेळचं पुस्तक होतं कोलंबसच्या सफरीचं. छपाई तोंडावर आली असताना ताईने मधल्या दोन पानांचं चित्र पाहिलं. काय चित्र होतं! पृथ्वीच्या काठावरून समुद्र खाली कोसळतोय, जहाज त्या काठावर लटकलंय, खलाशी डोळे गच्च मिटून बसलेत. वहिनीने त्यात जीव ओतला होता. एवढं मोठं चित्र तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"वहिनी, हे छापता येणार नाही गं," ताई हळूच म्हणाली.

वहिनीने चित्र स्वतःकडे ओढून घेतलं. का म्हणून? लहानपणापासून सगळे हेच ऐकत आलेत, की तेव्हा लोकांना पृथ्वी सपाट वाटायची आणि एकट्या कोलंबसने धीर केला. ताईने समजावलं, की ही गोष्ट मागाहून चिकटली. पृथ्वी गोल आहे हे तेव्हाच्या शिकल्यासवरलेल्यांना चांगलं ठाऊक होतं. वाद होता तो ती केवढी मोठी आहे याचा. कोलंबस पृथ्वीला फारच लहान धरून चालला होता, आणि जाणते म्हणत होते, बाबा रे, एवढ्या लांब अन्नपाणी पुरायचं नाही. चुकला होता तो कोलंबसच! वाटेत ठाऊक नसलेली जमीन आडवी आली म्हणून वाचला.

"एका चित्राने कुणाचं काय बिघडतंय?" म्हणत वहिनी ब्रश धुवायला निघून गेली. जेवताना दोघी एकमेकींना सोडून दादालाच आग्रह करकरून वाढत होत्या. दादाने शहाण्यासारखं ताटातून डोकं वर काढलं नाही.

जेवण झाल्यावर ताईने वहिनीने काढलेलं पहिलं पान तिच्यापुढे ठेवलं. बंदरावर बायका जहाजाची वाट पाहताहेत, आणि लांब पाण्यावर नुसती शिडांची टोकं दिसताहेत.

"याचा खालचा भाग कुठे गेला गं?"

"लांब आहे ना अजून, पाण्याआड आहे. आधी शिडंच दिसतात, एवढंही..." वहिनी बोलता बोलता थांबली. पाण्याआड जातं, कारण समुद्रालाच बाक आहे. आणि हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसांना आपण मधल्या पानांवर वेड्यात काढलं होतं!

तिला आधी हसू आलं, मग रडू. ताईने तिला जवळ घेतलं. "ती माणसं गेली, वहिनी. आपली बाजू मांडायला आता येणार नाहीत. त्यांच्याशी आपणच खरं वागायला हवं."

वहिनीने डोळे पुसले. "आणि त्या आडव्या आलेल्या जमिनीवर कुणी होतं की नाही?"

"होतं तर! पिढ्यानपिढ्या नांदत होती माणसं. आणि मी लिहून बसलेय 'शोध लावला'. थांब, आधी ते खोडते."

नवं चित्र त्या दुसऱ्या किनाऱ्याचं झालं. घरं, होड्या, जाळं विणणारी आजी, आईच्या कडेवरचं मूल, आणि सगळ्यांची नजर समुद्राकडे. तिथे नुसती शिडांची टोकं.

मंडळी, गोष्ट कानाला गोड लागते म्हणून खरी होत नाही. आपण शहाणे दिसावं म्हणून गेलेल्यांना खुळं ठरवू नये, आणि मुलांच्या हाती देण्याआधी तर आपलं लाडकं तेच आधी तपासून पाहावं.

जुनं चित्र दादाने चौकट करून भिंतीवर लावलंय. त्याखाली वहिनीने स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'असं कधीच झालं नव्हतं.'